कोणत्या रकान्यात नाव लिहावे? युरोप, अमेरिका आणि परके ठरवले गेलेले लोक

दिनांक ८ मे २०२५ रोजी सिस्टाइन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर बाहेर पडला आणि शिकागो येथे जन्मलेले कार्डिनल रॉबर्ट फ्रान्सिस प्रीव्होस्ट हे पोप लिओ चौदावे म्हणून जगासमोर आले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी ख्रिस्तसभेला दिलेले हे पहिले पोप. साहजिकच त्यांच्या घराण्याविषयी सर्वत्र कुतूहल निर्माण झाले. न्यू ऑर्लीन्स शहरातील एका वंशावळी-अभ्यासकाने जुनी दफ्तरे उघडून जी माहिती लगोलग पुढे आणली, ती वाचून आम्ही काही काळ विचारात पडलो. पोपमहोदयांच्या वडिलांकडील पूर्वज फ्रेंच व इटालियन. परंतु त्यांच्या आईचे आईवडील हे न्यू ऑर्लीन्सच्या सातव्या वॉर्डात राहणाऱ्या क्रिओल समाजातील होते. १९०० सालच्या जनगणनेत त्या कुटुंबाची नोंद ‘कृष्णवर्णीय’ अशी आहे. पुढे हे कुटुंब शिकागोला गेले आणि १९२० सालच्या जनगणनेत त्याच माणसांच्या नावापुढे ‘श्वेतवर्णीय’ असे लिहिले गेले.

वीस वर्षांत कातडीचा रंग बदलत नाही. बदलले होते ते शहर, आणि बदलला होता नोंद करणारा प्रगणक. १९६० च्या जनगणनेपूर्वी अमेरिकेत माणसाचा वंश तो माणूस स्वतः सांगत नसे. दारात उभा असलेला प्रगणक त्याच्याकडे पाहून रकाना भरीत असे.

लुइझियानातील क्रिओल हे फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी आणि कॅरिबियन रक्ताचे मिश्रण असलेले, बहुतांशी कॅथोलिक लोक. फ्रेंच अमलात आणि त्यानंतरही काही काळ ‘गोरा’ व ‘काळा’ यांच्यामध्ये त्यांना स्वतःची अशी एक जागा होती. दक्षिणेत वंशविभक्तीचे कायदे आले तशी ती जागा नाहीशी झाली. १८९६ साली ज्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे परंतु समान’ हे तत्त्व उचलून धरले, त्या खटल्यातील होमर प्लेसी हा न्यू ऑर्लीन्सचाच क्रिओल रहिवासी होता. दिसायला गोरा, परंतु कायद्याच्या लेखी काळा, म्हणून रेल्वेच्या गोऱ्यांच्या डब्यात बसल्याबद्दल आरोपी. अशा शहरातून अनेक क्रिओल कुटुंबे उत्तरेकडे किंवा कॅलिफोर्नियाकडे गेली आणि तेथे गोऱ्या समाजात मिसळून गेली. आपले कुटुंब स्वतःला कृष्णवर्णीय मानत नव्हते, असे पोपमहोदयांच्या बंधूंनी वार्ताहरांना सांगितले. यात आम्हांला लपवाछपवी दिसत नाही. मुलांना बरे दिवस दिसावेत म्हणून आईवडिलांनी दारात काहीतरी उतरवून ठेवले, इतकेच दिसते.

हे ‘दारात उतरवून ठेवणे’ हाच युरोप आणि अमेरिका यांच्या बहुविधतेचा खरा प्रश्न आहे, असे आमचे मत आहे. किती वंश, किती भाषा, किती धर्म ही मोजणी दुय्यम होय. नव्याने आलेल्या माणसाने आत येताना काय सोडावे आणि काय जवळ ठेवावे, हे कोण ठरवते, यावर दोन्ही खंडांचा इतिहास वेगवेगळ्या वाटांनी गेला आहे.

आता असे समजा, की ते क्रिओल कुटुंब शिकागोऐवजी पॅरिसला गेले असते. तर त्यांच्यासाठी रकानाच नसता. फ्रान्समध्ये जनगणनेत धर्म शेवटचा विचारला गेला तो १८७२ साली. १९७८ च्या कायद्याने, काही अपवाद वगळता, लोकांचा वंश किंवा धर्म नोंदवून ठेवण्यास मनाई आहे, आणि २००७ साली तेथील घटना-परिषदेने वंशावर आधारित आकडेवारी गोळा करण्याचा एक प्रयत्न घटनाबाह्य ठरवला. प्रजासत्ताकापुढे सर्व नागरिक एकसारखे, त्यांच्यात भेद पाहणेच मुळात अयोग्य, ही त्यामागील भूमिका. ही केवळ तात्त्विक हट्टाची गोष्ट आहे असे वाचकांनी समजू नये. नाझींनी पॅरिस व्यापले तेव्हा १९४० च्या ऑक्टोबरात यहुदी लोकांची सक्तीने नोंदणी झाली, त्यांची पत्रके पोलिसांनी कपाटांत नीट लावून ठेवली, आणि जुलै १९४२ मध्ये त्याच पत्रकांच्या आधारे फ्रेंच पोलिसांनी सुमारे तेरा हजार स्त्रीपुरुष व मुले घराघरांतून उचलली. ज्या देशाने हे पाहिले, त्याला रकान्याची भीती वाटली तर नवल नाही.

अमेरिकेने मात्र पहिल्या दिवसापासून मोजले. १७९० च्या पहिल्या जनगणनेत गोरे, इतर मुक्त लोक आणि गुलाम असे भाग होते. आणि काँग्रेसमधील जागा ठरवताना गुलामाला तीन-पंचमांश माणूस धरण्याची तरतूद तर राज्यघटनेतच होती. म्हणजे मोजणीचा आरंभ अन्यायातून झाला. परंतु पुढे, १९६० च्या दशकात नागरी हक्कांचे कायदे झाल्यावर, हीच मोजणी अन्याय सिद्ध करण्याचे साधन बनली. अमुक शहरात कृष्णवर्णीयांना घरासाठी कर्ज मिळत नाही, अमुक राज्यात त्यांचे मतदारसंघ मुद्दाम फोडले जातात, हे न्यायालयात दाखवायचे तर आकडे लागतात. फ्रान्समध्ये असा आकडा दाखवता येत नाही. २००५ च्या शरद ऋतूत आणि पुन्हा २०२३ च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या उपनगरांत जाळपोळ झाली, तेव्हा त्या वस्त्यांतील तरुण कोण, त्यांना नोकऱ्या का मिळत नाहीत, यावर सरकार बोलत होते ते ‘संवेदनशील वस्त्या’ अशा आडवळणाच्या शब्दांत. आणि मोजणाऱ्या अमेरिकेतही मे २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली अंत झालाच. मोजल्याने जखम भरत नाही. न मोजल्याने ती दिसत नाही.

येथे आपल्या लोकांविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९२० ते १९४० या काळातील अमेरिकन जनगणनांत भारतातून आलेल्या माणसासाठी वंशाची जी संज्ञा होती ती होती ‘हिंदू’. त्या वेळी अमेरिकेत आलेले बहुसंख्य भारतीय पंजाबी शीख होते, काही मुसलमान होते. सर्वांचा वंश ‘हिंदू’. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की भारतीय हे सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ‘गोरे’ नाहीत, सबब ते नागरिक होऊ शकत नाहीत. बायका देशातून आणता येत नव्हत्या आणि गोऱ्या स्त्रीशी विवाह अनेक राज्यांत निषिद्ध होता. तेव्हा कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यातील पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले. वधूवरांचा वर्ण कारकुनाच्या डोळ्यांना सारखाच दिसे, म्हणून परवाना मिळे. या कुटुंबांतील मुले बहुधा आईच्या धर्मात, म्हणजे कॅथोलिक श्रद्धेत वाढली. नाव स्पॅनिश आणि आडनाव सिंग. त्यांचा बाप्तिस्मा करणाऱ्या धर्मगुरूंनी नोंदवहीत ही नावे कोणत्या भावनेने लिहिली असतील, याचे आम्हांला कुतूहल आहे.

अमेरिका म्हणजे नाना लोकांचे संमेलन आणि युरोप म्हणजे एकेका जातीचे एकेक घर, ही समजूत आपल्याकडे फार रुजलेली आहे. आजचे आकडे तिला आधार देत नाहीत. अमेरिकेत परदेशी जन्मलेल्यांचे प्रमाण १९१० साली १४.७ टक्के होते, १९७० साली ते ४.७ टक्क्यांवर आले आणि २०२३ साली पुन्हा १४.३ टक्के झाले. म्हणजे साधारण सातांत एक. जर्मनी, स्वीडन, ऑस्ट्रिया या देशांत आज हेच प्रमाण पाचांत एक किंवा त्याच्या आसपास आहे. ज्याला आपण ‘स्थलांतरितांचा देश’ म्हणतो त्याच्यापेक्षा हे देश या अर्थाने अधिक स्थलांतरितांचे आहेत. फरक असा की अमेरिकन माणूस आपल्या पणजोबाच्या बोटीची गोष्ट अभिमानाने सांगतो. युरोपीय माणसाला मात्र आपण पिढ्यान् पिढ्या एकाच जागी, एकाच भाषेत, एकाच रक्ताचे राहिलो असे वाटते.

हे वाटणे खरे नाही. ल्विव्ह या शहराचे उदाहरण घेऊ. पोलिश लोक त्याला ल्वूफ म्हणत, ऑस्ट्रियन लेम्बर्ग म्हणत. आज ते युक्रेनमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तेथील लोकसंख्येत साधारण निम्मे रोमन कॅथोलिक, म्हणजे बहुतेक पोलिश, जवळजवळ एक-तृतीयांश यहुदी आणि सुमारे एक-षष्ठांश ग्रीक-कॅथोलिक, म्हणजे बहुतेक युक्रेनी होते. त्या एका शहरात तीन कॅथोलिक आर्चबिशप होते: लॅटिन विधीचे, ग्रीक विधीचे आणि आर्मेनियन विधीचे. तीन कॅथेड्रल, तीन उपासनाभाषा, एकच पोप. सगळे गुण्यागोविंदाने राहत होते असे म्हणणे सत्याला सोडून होईल. पोलिश आणि युक्रेनी यांच्यात १९१८ मध्ये याच शहरात लढाई झाली होती. तरी ते एक शहर होते. १९४१ ते १९४४ या काळात जर्मनांनी तेथील जवळजवळ सर्व यहुदी मारले. युद्धानंतर सरहद्द सरकली आणि पोलिश लोकांना पश्चिमेकडे पाठवण्यात आले. त्यांच्यातील पुष्कळ लोक व्रोत्सवाफ येथे जाऊन वसले. ते शहर तोवर ब्रेसलाऊ नावाचे जर्मन शहर होते आणि तेथील जर्मनांनाही नुकतेच घराबाहेर काढण्यात आले होते. ओसोलिनेउम या ल्वूफच्या नामांकित ग्रंथालयातील ग्रंथांचा मोठा भागही त्यांच्या मागोमाग व्रोत्सवाफला गेला.

१९४७ ची फाळणी ज्यांनी पाहिली वा ऐकली त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. युरोपात असे ठिकठिकाणी झाले. १९२३ च्या लोझान करारान्वये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकांची अदलाबदल केली, आणि भाषा न विचारता केवळ धर्मावरून. तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये आणि ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात गेले. दुसऱ्या महायुद्धाअखेर सुमारे १.२ कोटी जर्मन पूर्व युरोपातून पळाले किंवा हाकलले गेले. युद्धापूर्वी ज्या पोलंडमध्ये दर तीन माणसांत एक पोलिशेतर होता, तो देश जवळजवळ शंभर टक्के पोलिश आणि कॅथोलिक झाला. आज त्या एकजिनसीपणाचा कोणी अभिमानाने उल्लेख करतो तेव्हा तो देवदत्त नव्हता, त्याखाली किती घरे व किती कबरी आहेत, याची आठवण कोणीतरी करून द्यायला हवी.

आणि दैवाची गंमत अशी, की युरोप ‘एकेका जातीचा’ होऊन दहा वर्षे होतात न होतात तोच त्याला माणसे कमी पडू लागली. २० डिसेंबर १९५५ रोजी पश्चिम जर्मनीने इटलीशी कामगार आणण्याचा करार केला. पुढे स्पेन, ग्रीस, तुर्कस्तान, मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया, युगोस्लाविया. या माणसांना शब्द वापरला तो ‘पाहुणा कामगार’. आपल्याकडे पाहुणा हा शब्द आदराचा. तेथे त्याचा अर्थ होता, ‘काम झाले की जाणारा’. १० सप्टेंबर १९६४ रोजी कोलोनच्या स्थानकात दहा लाखाव्या पाहुण्याचे बँडच्या तालावर स्वागत झाले. अर्मांडू रॉद्रिगिश द सा नावाचा तो पोर्तुगीज सुतार. त्याला फुले आणि एक मोपेड भेट मिळाली. छायाचित्रात तो गोंधळलेला दिसतो. काही वर्षांनी तो आजारी पडून गावी परतला. जर्मनीत भरलेल्या विम्यातून आपल्याला उपचाराचा खर्च मिळू शकतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, असे म्हणतात. साठवलेला पैसा औषधपाण्यात गेला आणि १९७९ साली तो वारला. त्याची मोपेड मात्र आज बॉनच्या इतिहास-संग्रहालयात आहे.

१९७३ मध्ये भरती थांबली, परंतु पाहुणे गेले नाहीत. त्यांनी बायकामुले आणली. ती मुले जर्मन शाळांत शिकली, जर्मनमध्ये भांडली, तरी कायद्याने परकीच राहिली; कारण १९१३ च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व रक्ताने मिळत असे, जन्मभूमीने नव्हे. जर्मनीत जन्मलेल्या परकीय दांपत्याच्या मुलाला, काही अटींवर, जन्मतः नागरिकत्व मिळू लागले ते १ जानेवारी २००० पासून. म्हणजे भरतीच्या पहिल्या करारानंतर तब्बल चव्वेचाळीस वर्षांनी. अमेरिकेत हा प्रश्न १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने सोडवला होता आणि १८९८ मध्ये एका चिनी आचाऱ्याच्या, वाँग किम आर्क याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. बापाला नागरिक होण्याची बंदी असली तरी अमेरिकन भूमीवर जन्मलेला मुलगा अमेरिकन. आमच्या मते दोन खंडांतील सर्वांत मोठा फरक हाच, आणि याच्यापुढे बाकीची चर्चा फिकी आहे. म्हणूनच २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी या जन्मसिद्ध नागरिकत्वाला मर्यादा घालणारा आदेश काढला आणि तो लगेच न्यायालयांत गेला, तेव्हा तो निव्वळ प्रशासकीय वाद नव्हता. अमेरिका जेथे युरोपहून वेगळी होती नेमक्या त्याच खांबाला तो हात होता.

आता आपल्या ख्रिस्तसभेकडे वळू, कारण अमेरिकेत ‘परके’ म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले त्यांत कॅथोलिक फार पुढे होते. ११ ऑगस्ट १८३४ च्या रात्री बॉस्टनजवळ चार्ल्सटाउन येथे अर्सुलाइन धर्मभगिनींचा मठ जमावाने जाळला. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टीन ही चर्चे भस्मसात झाली. निमित्त होते शाळेत कोणते बायबल वाचावे याचे. आयरिश कॅथोलिक दारुडे, अडाणी, पोपचे गुलाम. लोकशाही त्यांना कधी समजणार नाही. त्यांच्या शाळा म्हणजे परकीय सत्तेचे अड्डे. त्यांना फार मुले होतात: हे आरोप त्या काळच्या वृत्तपत्रांत प्रतिष्ठित माणसे करीत होती. १८५० च्या दशकात याच द्वेषावर ‘नो-नथिंग’ म्हणून ओळखला गेलेला राजकीय पक्ष उभा राहिला. १९२८ मध्ये अल स्मिथ राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले त्यात त्यांच्या कॅथोलिक असण्याचा वाटा होता, आणि १९६० मध्ये जॉन केनेडी यांना ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट पाळकांसमोर उभे राहून, आपण पोपच्या आज्ञेवर देश चालवणार नाही, असे सांगावे लागले.

या लोकांनी अमेरिकेत तग धरला तो भाषावार धर्मग्रामांच्या बळावर. जर्मनांचे वेगळे, पोलिशांचे वेगळे, इटालियनांचे वेगळे. शिकागोतील सेंट स्टॅनिस्लॉस कोस्तका या पोलिश धर्मग्रामात एकोणिसाव्या शतकाअखेर चाळीस हजारांच्या आसपास भाविक होते. प्रवचन पोलिशमध्ये, शाळा पोलिशमध्ये, पतपेढी आणि मयतफंडही आपलाच. हे असेच चालले तर ही माणसे कधी अमेरिकन होणारच नाहीत, असे पुष्कळांना वाटे. आयरिश बिशपांनाही वाटे, हे येथे नमूद केले पाहिजे. १८९१ साली पीटर पॉल काहेन्सली या जर्मन प्रापंचिकाने स्थलांतरितांना त्यांच्या त्यांच्या राष्ट्राचे बिशप मिळावेत असा अर्ज रोमला नेला, तेव्हा सर्वांत मोठा विरोध अमेरिकन धर्मश्रेष्ठींचाच झाला आणि पोप लिओ तेरावे यांनी ती मागणी मान्य केली नाही. पुढे १८९७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील काही पोलिश भाविकांनी याच रागातून वेगळी चूल मांडली. ती आजही वेगळी आहे. परंतु उरलेल्यांचे काय झाले? तिसऱ्या पिढीत त्यांची मुले इंग्रजी बोलू लागली, उपनगरात राहायला गेली, आयरिश मुलीने इटालियन मुलाशी लग्न केले. हे कोणाच्या हुकमाने झाले नाही. स्वतःचे घर काही काळ टिकवता आले, म्हणून दुसऱ्याच्या घरात जाण्याचा धीर आला, असा आम्ही याचा अर्थ लावतो. १९२४ च्या कायद्याने दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्यांची वाट जवळजवळ बंद केली आणि ती १९६५ पर्यंत तशीच राहिली, त्यामुळे हे मिसळणे सोपे झाले, असा प्रतिवाद काही अभ्यासक करतात. त्यात तथ्य असावे. आम्हांला ते सोयीचे नाही म्हणून गाळणे बरोबर नाही.

युरोपात आज मुसलमान स्थलांतरितांविषयी जे बोलले जाते ते ऐकताना आम्हांला १८४४ चे फिलाडेल्फिया आठवते. स्वित्झर्लंडमध्ये २९ नोव्हेंबर २००९ रोजी सार्वमताने मशिदींना मिनार बांधण्यास बंदी झाली, ५७.५ टक्के मते बंदीच्या बाजूने पडली. स्विस कॅथोलिक बिशपांनी या बंदीला विरोध केला होता. त्यांच्याजवळ स्मरणशक्ती होती. १८४८ पासून त्याच देशाच्या राज्यघटनेत येशूसंघीय धर्मगुरूंवर बंदीचे कलम होते, आणि ते निघाले १९७३ मध्ये. नवे धर्मप्रांत स्थापण्यास सरकारची परवानगी लागे, ती अट तर २००१ पर्यंत टिकली.

भीतीला काहीच आधार नाही असे आमचे म्हणणे नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसमध्ये १३० माणसे मारली गेली. २६ जुलै २०१६ रोजी रूआंजवळच्या एका गावात पंच्याऐंशी वर्षांचे फादर झाक हामेल सकाळची मिस्सा अर्पण करीत असताना वेदीजवळ त्यांचा गळा चिरण्यात आला. आपल्यापैकी कितीतरी जणांनी त्या दिवशी त्यांच्यासाठी प्रार्थना केली असेल. त्यानंतरच्या रविवारी रूआंच्या कॅथेड्रलमध्ये मिस्सेला येऊन बसलेल्यांत अनेक मुसलमान होते, हीही त्याच आठवड्यातील बातमी होय. ती मात्र लवकर विसरली गेली. आणखी एक खटकणारी गोष्ट सांगितली पाहिजे. ‘ख्रिस्ती युरोप वाचवा’ असे म्हणणाऱ्या पक्षांच्या सभांत ख्रिस्ती हा शब्द श्रद्धेचा राहिलेला नसतो. तो जातीचे नाव बनलेला असतो. त्या सभांना जाणाऱ्या पुष्कळांच्या गावातील चर्चमध्ये रविवारी जे धर्मगुरू मिस्सा अर्पण करतात, ते कदाचित केरळचे किंवा नायजेरियाचे असतात.

अमेरिकेतील ख्रिस्तसभेच्या कौतुकालाही येथे आवर घातला पाहिजे. पोलिश भाविकाला स्वतंत्र धर्मग्राम हे घरटे होते. कृष्णवर्णीय कॅथोलिकाला वेगळा बाक ही शिक्षा होती. १८३८ साली मेरिलँडच्या येशूसंघीयांनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्रीपुरुष व मुले लुइझियानातील मळेवाल्यांना विकली, आणि त्या पैशाचा काही भाग आजच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचे कर्ज फेडण्यास गेला. विकले गेलेले लोक बाप्तिस्मा झालेले कॅथोलिक होते. गुलामीत जन्मलेले ऑगस्टस टॉल्टन यांना धर्मगुरू व्हायचे होते, तर अमेरिकेतील एकही सेमिनरी त्यांना घेईना. अखेर ते रोमला शिकले आणि २४ एप्रिल १८८६ रोजी तेथेच त्यांना गुरुदीक्षा मिळाली. शिकागोतच १८९७ मध्ये, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. पोपमहोदयांचे आजी-आजोबा त्या शहरात पोहोचले ते त्यानंतर दीडेक दशकाने. टॉल्टन यांना वर्ण बदलता येण्यासारखा नव्हता. त्यांचा रकाना त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेला होता. ख्रिस्तसभेने २०१९ मध्ये त्यांना ‘वंदनीय’ घोषित केले.

आज अमेरिकेत पुन्हा कॅथोलिकच दाराशी उभे आहेत, कारण मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेले बहुसंख्य लोक त्याच श्रद्धेचे. जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो धर्मप्रांताचे बिशप आल्बेर्तो रोहास यांनी असा हुकूम काढला की, स्थलांतर खात्याच्या धरपकडीच्या भीतीने ज्यांना घराबाहेर पडणे शक्य नाही, त्यांना रविवारच्या मिस्सेच्या बंधनातून सूट आहे. साथीच्या रोगात अशी सूट दिलेली आपण पाहिली आहे. माणसांना माणसांच्या भीतीमुळे ती द्यावी लागावी, हे वाचून आम्हांला फार वाईट वाटले. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी बाल्टिमोर येथे जमलेल्या अमेरिकन बिशपांनी सरसकट हद्दपारीला विरोध करणारा विशेष संदेश जवळजवळ एकमताने संमत केला. त्यातील किती बिशपांचे पणजोबा आयरिश, जर्मन, इटालियन म्हणून हिणवले गेले असतील!

आपल्या घरांतूनही माणसे बाहेर गेली आहेत. १९६१ पूर्वी पोर्तुगीज गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येते. त्या आधारावर, ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत, हजारो गोवेकर इंग्लंडमध्ये स्विंडन, साउथॉल, लेस्टर अशा ठिकाणी जाऊन वसले. इंग्लंडची मोजणी फ्रान्ससारखी नाही. १९९१ पासून तेथे वंशगट विचारला जातो आणि २००१ पासून धर्मही. २०२१ च्या जनगणनेचा अर्ज अशा एखाद्या घरात आला असेल तेव्हा काय झाले असेल, याची कल्पना करता येते. पारपत्र? पोर्तुगीज. जन्मदेश? भारत. वंशगट? भारतीय. धर्म? ख्रिस्ती. मुख्य भाषा? आजीने म्हटले असेल कोंकणी, आणि तेथेच जन्मलेल्या नातवाने तिच्या हातातील लेखणी घेऊन स्वतःच्या रकान्यात इंग्रजीवर खूण केली असेल.